पावती फाडली तरी पेव भरलेलेच: सांगलीतील एका लहान कार्यालयाची खासगी इमेज रजिस्ट्री

या प्रकरणातील कार्यालय सांगलीत मारुती रस्त्यालगत आहे. ११ माणसांचे हे कार्यालय हळदीची आणि बेदाण्याची अडत दुकाने, शीतगृहे आणि काही वजनकाटे यांच्यासाठी हिशोबाची संगणक प्रणाली तयार करते. सौदा झाल्यानंतरचे वजन, हमाली, तोलाई, अडत, शीतगृहाचे भाडे आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती जाणारी पट्टी, हे सारे ज्या प्रणालीतून निघते ती ग्राहकाच्याच जागेत ठेवलेल्या छोट्या सर्व्हरवर चालते, कारण ऐन सौद्यात इंटरनेट गेले म्हणून पट्टी थांबवून ठेवता येत नाही. तेथील सर्व्हरची आणि बिल्डची, म्हणजे सोर्समधून नवी आवृत्ती तयार करण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. खासगी रजिस्ट्री, म्हणजे प्रणालीच्या तयार आवृत्त्या ठेवण्याचे स्वतःचे भांडार, बसवण्याचा निर्णय, त्यासाठी केलेली मांडणी आणि त्यात आमच्या हातून झालेल्या चुका यांची ही नोंद आहे.

आधीची पद्धत पेन ड्राइव्हची होती. नवी आवृत्ती तयार झाली की प्रणाली कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या डॉकर या साधनाच्या सेव्ह आज्ञेने इमेजची, म्हणजे त्या डब्याच्या तयार साच्याची, टार फाईल काढायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची, दुचाकीवरून ग्राहकाकडे जायचे आणि तेथे लोड आज्ञा चालवायची. ग्राहक पाच-सात असेपर्यंत हे निभले. पुढे एका शीतगृहात भाड्याचा दर बदलल्यानंतरची आवृत्ती बसवायची असताना आदल्या महिन्याची फाईल लोड झाली. दोन्ही फायलींच्या नावात ‘फायनल’ होते, एकीपुढे केवळ ‘नवीन’ जोडलेले होते आणि आतल्या इमेजचा टॅग, म्हणजे आवृत्तीची चिठ्ठी, दोन्हींत ‘लेटेस्ट’ हाच होता. चार दिवसांची भाड्याची बिले जुन्या दराने निघाली आणि ती हाताने दुरुस्त करावी लागली.

दुसरी अडचण बिल्डच्या वेळची होती. डॉकर हब या सार्वजनिक भांडाराने नोव्हेंबर २०२० पासून खाते न वापरता होणाऱ्या पुलवर, म्हणजे इमेज उतरवून घेण्यावर, मर्यादा घातली आणि ती एका आयपी पत्त्यामागे ६ तासांत १०० अशी ठेवली. आमचे सगळे कार्यालय एकाच पत्त्यामागून बाहेर पडत असल्याने कामाच्या गर्दीच्या दिवशी दुपारनंतर बिल्ड ४२९ क्रमांकाची चूक दाखवून थांबू लागले. त्यावर प्रत्येकाने आपले खाते उघडावे असा एक उपाय होता आणि काहींनी तो केलाही, परंतु बिल्डच्या यंत्रावर नेमके कोणाचे खाते घालायचे, हा वाद त्यातून सुरू झाला.

आमच्या संचालकांना कार्यालयात सगळे आप्पा म्हणतात. त्यांच्या घरी हळदीचा व्यापार होता, त्यामुळे माल आणि नोंद यांतला फरक त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळतो, हे पुढे दिसेलच. त्यांची मागणी एका वाक्याची होती: “कुणाकडं काय बसलंय ते मला कुणाला फोन न करता पडद्यावर दिसलं पाहिजे.” त्यांना रजिस्ट्रीशी देणेघेणे नव्हते, त्यांना वेब पान हवे होते. एका ग्राहकाला तर “आम्ही रजिस्ट्री बसवतोय” असे सांगितल्यावर त्यांनी कोणत्या गटाची जमीन घेतली, अशी चौकशी केली होती.

निवड

डॉकरने लिहिलेली मूळ रजिस्ट्री डिस्ट्रिब्युशन या नावाने मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे आणि २०२१ मध्ये ती क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेकडे सोपवण्यात आली. ती एकाच कंटेनरमध्ये चालते, तिला डेटाबेस लागत नाही आणि सगळा माल ती डिस्कवरील साध्या फोल्डरांत ठेवते. मात्र तिला चेहरा नाही. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडला तर पांढऱ्या पानापलीकडे काही दिसत नाही.

दुसरा पर्याय हार्बरचा होता. व्हीएमवेअरमध्ये जन्मलेला हा प्रकल्प २०१८ मध्ये त्याच फाउंडेशनमध्ये गेला आणि २०२० मध्ये तेथील पूर्णत्वाच्या पायरीवर पोहोचला. वेब पान, प्रकल्पनिहाय अधिकार, त्रुटींची तपासणी, दुसऱ्या भांडारात प्रत पाठवणे, हे सगळे त्यात मुळातच आहे. पण त्याची किमान अपेक्षा २ कोर, ४ जीबी मेमरी आणि ४० जीबी डिस्क अशी आहे आणि त्यासोबत पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, कामांची रांग सांभाळणारी सेवा असा परिवार येतो. आमच्याकडे मोकळे असलेले यंत्र ४ जीबी मेमरीचे आणि २५६ जीबी एसएसडीचे होते. किमान अपेक्षा काठोकाठ पूर्ण करणाऱ्या यंत्रावर अख्खे हार्बर बसवून नंतर त्याच्या डेटाबेसची काळजी वाहत बसणे, हे माझ्या मते सर्व्हर पाहणारा एकच माणूस असलेल्या कार्यालयाने करू नये. हार्बर वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ज्यांच्याकडे निरनिराळे गट आहेत आणि प्रत्येकाला वेगळा अधिकार द्यायचा आहे, त्यांनी इतर काही पाहण्याआधी हार्बरच पाहावे.

आम्ही मूळ रजिस्ट्री घेतली आणि तिच्यापुढे डॉकर रजिस्ट्री यूआय हे जॉक्सिट या नावाने प्रसिद्ध होणारे हलके वेब पान ठेवले. हे पान स्वतः काहीच साठवत नाही. ते ब्राउझरमध्ये उघडते, रजिस्ट्रीला एपीआयद्वारे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला विचारायच्या ठरलेल्या रीतीने, नावे, टॅग आणि आकार विचारते आणि आलेले उत्तर मांडून दाखवते. आपण पाहतो ती निव्वळ नोंदवही आहे, हे तेव्हाच मनावर ठसले असते तर पुढची अर्धी गोष्ट घडली नसती.

मांडणी

एका कंपोज फाईलमध्ये, म्हणजे एकत्र चालवायच्या कंटेनरांच्या यादीत, चार कंटेनर लिहिले: रजिस्ट्री, वेब पान, डॉकर हबवरून आलेल्या इमेजची साठवणूक आणि या सगळ्यांपुढे उभा, आलेल्या विनंत्या मागे पोहोचवणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स. डॉकर हबसाठी वेगळा कंटेनर ठेवावा लागला, कारण दुसऱ्या भांडाराची साठवणूक म्हणून चालणारी रजिस्ट्री आपल्या स्वतःच्या इमेजचा पुश, म्हणजे वर पाठवणे, स्वीकारत नाही. बिल्डच्या यंत्रांवर डीमन डॉट जेसन या फाईलमध्ये मिरर म्हणून तिचा पत्ता दिला आणि ४२९ची तक्रार त्या आठवड्यातच थांबली. ही सोय केवळ डॉकर हबपुरती आहे; इतर भांडारांतून येणाऱ्या इमेज त्या वाटेने जात नाहीत.

एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राने मात्र तीन दिवस घेतले. रजिस्ट्री लोकलहोस्टवर असेल तरच डॉकर साध्या एचटीटीपीवर बोलतो. शेजारच्या यंत्रावरून पुल करू गेल्यास सर्व्हरने एचटीटीपीएसला एचटीटीपीचे उत्तर दिले, अशी तक्रार करून तो थांबतो. यावरचा झटपट उपाय म्हणजे प्रत्येक यंत्रावर ही रजिस्ट्री असुरक्षित यादीत घालणे. कार्यालयातल्या दोन यंत्रांवर मी ते केले आणि लगेच काढूनही टाकले, कारण तीच ओळ ग्राहकांच्या प्रत्येक सर्व्हरवर लिहावी लागली असती आणि एकदा लिहिलेली अशी ओळ पुढे कोणीही काढत नाही. त्यानंतर स्वतःचे प्रमाणपत्र तयार केले. त्यात नाव फक्त जुन्या कॉमन नेम या रकान्यात होते, पर्यायी नावांच्या रकान्यात नव्हते. डॉकर ज्या गो भाषेत लिहिला आहे तिने २०२० मधील १.१५ आवृत्तीपासून असे प्रमाणपत्र मानणे सोडले आहे. ते दुरुस्त केल्यावर प्रमाणपत्र देणारा ओळखीचा नाही, अशी नवी तक्रार आली, म्हणजे मूळ प्रमाणपत्राची फाईल पुन्हा प्रत्येक यंत्रावर सर्ट्स डॉट डी या फोल्डरात नेऊन ठेवणे आले. शेवटी कार्यालयाच्या डोमेनखाली एक उपनाव घेऊन लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र डीएनएसच्या नोंदीद्वारे मिळवले. या पद्धतीत पडताळणीसाठी सर्व्हर बाहेरून दिसावा लागत नाही आणि ग्राहकाच्या यंत्रावर काहीही ठेवावे लागत नाही. प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था त्याच दिवशी करून ठेवली.

पहिला पुश एका विचित्र रीतीने अडला. इमेज ज्या थरांची बनते त्यांतले छोटे थर गेले, मोठा थर थोडा पुढे सरकून ४१३ क्रमांकाची चूक दाखवून थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एनजिनएक्स एका विनंतीत मुळात १ एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही. ती मर्यादा शून्य लिहून काढावी लागते. त्यासोबत मूळ विनंती एचटीटीपीएसने आली होती, हे सांगणारा फॉरवर्डेड प्रोटो हा हेडर मागे रजिस्ट्रीकडे पाठवावा लागतो, नाहीतर पुढचा तुकडा कोठे पाठवायचा याचे उत्तर ती एचटीटीपीचा पत्ता देऊन देते आणि पुश अर्धवट राहतो.

पासवर्डच्या फाईलमध्ये रजिस्ट्री फक्त बीक्रिप्ट ही पासवर्ड लपवून लिहिण्याची पद्धत मानते. एचटीपासडब्ल्यूडी हे साधन काही न सांगता चालवले तर वेगळ्या पद्धतीची ओळ लिहिते, आणि अचूक पासवर्ड देऊनही दार उघडत नाही. हा अर्ध्या तासाचा प्रश्न होता.

त्याहून गंभीर गोष्ट चहाच्या वेळी उघड झाली. सुरुवातीला पासवर्डची तपासणी मी एनजिनएक्सवर ठेवली होती आणि मागच्या रजिस्ट्रीचे ५००० क्रमांकाचे पोर्ट यंत्रावर उघडे केले होते. उबुंटूची फायरवॉल चालू आहे, तिने ते पोर्ट बंद ठेवले आहे, अशी माझी समजूत होती. परंतु डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे याच फायरवॉलच्या, नियमांना वळसा घालून जाते, कारण डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्स या मूळ नियमयादीत आपले नियम स्वतः लिहितो. राउटर बसवणाऱ्या माणसाने स्थिर आयपी देताना सोय म्हणून बाहेरचे सर्व पोर्ट थेट याच यंत्राकडे वळवून ठेवले होते. चाचणीचे काम पाहणाऱ्या ताईंनी टपरीवर उभे राहून मोबाइलच्या डेटावरून सहज तो पत्ता ५००० जोडून उघडला आणि आमच्या सर्व इमेजच्या नावांची यादी पासवर्डशिवाय त्यांच्या हातातल्या पडद्यावर आली. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि एवढेच विचारले, “हे असं दिसायला पाहिजे का, दादा?” त्याच संध्याकाळी रजिस्ट्रीचे पोर्ट बाहेर काढणे बंद केले, पासवर्ड खुद्द रजिस्ट्रीत आणला आणि राउटरवर फक्त ४४३ क्रमांक ठेवला.

साध्या पासवर्ड फाईलची एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो पुल करू शकतो, तसाच पुशही करू शकतो आणि पुसूही शकतो. ग्राहकाला फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा, अशी सोय त्यात नाही. त्यासाठी वेगळी टोकन सेवा उभी करता येते, पण आम्ही एनजिनएक्सवरच काम भागवले. पुलसाठी गेट आणि हेड या दोनच प्रकारच्या विनंत्या लागतात, पुशसाठी पोस्ट, पॅच आणि पुट लागतात, पुसण्यासाठी डिलीट लागते. म्हणून बाहेरून येणाऱ्या दाराने फक्त गेट आणि हेड आत सोडायचे, इमेजच्या यादीचा पत्ता बाहेरच्यांसाठी बंद ठेवायचा आणि वेब पान केवळ कार्यालयातूनच उघडायचे, असे ठरवले. एका ग्राहकाला दुसऱ्याच्या इमेजचे नाव माहीत असेल तर तो ती पुल करू शकतो, हे छिद्र उरतेच. इमेजमध्ये कोणाचाही डेटा किंवा पासवर्ड घालायचा नाही, हा नियम त्यामुळे अधिक कडक केला.

टोपलीचे चित्र आणि डिस्क

फेब्रुवारीत हळदीची आणि बेदाण्याची आवक वाढते, ग्राहकांच्या मागण्या वाढतात आणि आमच्याकडे दिवसातून पाच-सहा बिल्ड होतात. अशाच एका गुरुवारी पुश अडला. डिस्कवर जागा उरली नव्हती. मी त्या दिवशी तासगावला ग्राहकाकडे होतो. कार्यालयातील नव्या सहकाऱ्याने वेब पान उघडले, प्रत्येक टॅगपुढे दिसणाऱ्या कचऱ्याच्या टोपलीच्या चित्रावर दाबत जुने म्हणून साठेक टॅग काढले आणि पानावरून ते नाहीसे झाल्याची खातरजमा केली. डिस्कवरील मोकळी जागा मात्र तसूभरही वाढली नाही. त्याने मला फोन केला तेव्हा आप्पा शेजारीच होते आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांचा आवाज आला, “पावती फाडली म्हणून पेवातली हळद कमी होते व्हय?”

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर असलेल्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे खणलेली असत. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेकांची वाताहत केली, पण त्याआधी हळद वर्षानुवर्षे त्यांत राहत असे आणि बाजारात फिरत असे ती तिची नोंद. रजिस्ट्रीची रचना याहून वेगळी नाही. टॅग ही पावती आहे. पावतीवर मॅनिफेस्टचा, म्हणजे मालाच्या यादीचा, डायजेस्ट लिहिलेला असतो, आणि यादीत थरांचे डायजेस्ट असतात. हा डायजेस्ट मजकुरावरूनच काढलेला एसएचए २५६चा आकडा असल्याने तोच थर दहा इमेजमध्ये असला तरी डिस्कवर एकदाच ठेवला जातो. वेब पानाची टोपली फार तर यादी काढून टाकते. थर जेथे असतात तेथेच राहतात.

याचा एक परिणाम आकड्यांत दिसतो. आमच्या मुख्य इमेजचा आकार वेब पानावर प्रत्येक टॅगपुढे सुमारे ४०० एमबी दिसे. अशा २० आवृत्त्यांची बेरीज कोणीही ८ जीबी अशीच करील. परंतु त्यांतील ३५० एमबीचे तळाचे थर सगळ्यांना सामाईक असून प्रत्येक आवृत्तीचे स्वतःचे ५० एमबीच असतील, तर डिस्कवर एकूण माल १,३५० एमबी होतो. त्यामुळे एक टॅग काढून ४०० एमबी सुटतील, ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते. सुटले तर ५० सुटतील, तेही सफाई चालवल्यानंतरच.

ही सफाई म्हणजे गार्बेज कलेक्ट आज्ञा. माझ्या सहकाऱ्याने ती शोधून काढली आणि चालू असलेल्या रजिस्ट्रीच्या कंटेनरमध्ये शिरून तशीच चालवली. अर्धी डिस्क मोकळी झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

शनिवारी कवठेमहांकाळच्या बाजूला एका शीतगृहात नवा सर्व्हर बसवायचा होता. नवी आवृत्ती आदल्या दिवशी पुश झाली होती आणि वेब पानावर दिसत होती. कार्यालयातील प्रत्येक यंत्रावर ती पुल होऊन चालतही होती. शीतगृहात मात्र सहा थर उतरले आणि सातव्याला ब्लॉब, म्हणजे थराची फाईल, सापडत नाही, अशी चूक आली. पुन्हा केले, पुन्हा तेच. तेथील नेटवर आमचा अविश्वास असल्याने पहिला तास नेटला बोल लावण्यात गेला.

कारण नीट समजायला रात्र झाली. नव्या आवृत्तीत पट्टीच्या छपाईचा एक जुना थर परत घेतला होता. तो थर गुरुवारी पुसलेल्या टॅगांमध्येच होता, त्यामुळे सफाईत तो डिस्कवरून गेला. परंतु चालू रजिस्ट्री कोणता थर आपल्याकडे आहे याची टिपणी स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि सफाई करणारी आज्ञा ही वेगळी प्रक्रिया असल्याने त्या टिपणीला हात लागला नाही. शुक्रवारी पुश करताना डॉकरने विचारले, हा थर आहे का. रजिस्ट्रीने मेमरीत पाहून ‘आहे’ म्हणून सांगितले. पडद्यावर ‘लेअर ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असे आले आणि थर पाठवलाच गेला नाही. कार्यालयातील यंत्रांकडे तो थर आधीपासून असल्याने त्यांना तो मागावाच लागला नाही. पहिल्यांदा मागितला तो कोऱ्या यंत्राने, आणि ते यंत्र ग्राहकाच्या दारात होते. रजिस्ट्री बंद करून पुन्हा सुरू केली, बिल्डच्या यंत्रावरून तीच इमेज पुन्हा पुश केली, या वेळी थर खरोखर गेला आणि रविवारी सकाळी शीतगृहाचा सर्व्हर उभा राहिला.

त्याच गुरुवारच्या टोपलीने आणखी एक गोष्ट नेली होती, ती सोमवारी कळली. चाचणी संपल्यावर आम्ही ‘२.४ चाचणी’ या इमेजलाच ‘२.४’ असा दुसरा टॅग दिला होता. दोन्ही पावत्यांवर एकच डायजेस्ट होता. पुसणे डायजेस्टवरून होते, त्यामुळे चाचणीचा टॅग काढला तेव्हा ग्राहकांकडे चालणारा ‘२.४’ हाही गेला. ग्राहकांच्या यंत्रांवर इमेज उतरलेली असल्याने काम कोठेही थांबले नाही, कारण चालू कंटेनरला किंवा यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरही रजिस्ट्रीची गरज लागत नाही. ताईंच्या यंत्रावर प्रत होती म्हणून ती परत पुश करता आली. नसती, तर तेच सोर्स पुन्हा बिल्ड करून वेगळ्या डायजेस्टची इमेज त्याच नावाने द्यावी लागली असती आणि आवृत्ती ओळखण्याचा सगळा खटाटोप तेथेच वाया गेला असता.

या साऱ्यानंतर सफाईचा क्रम असा ठरला. रविवारी रात्री सर्वांना कळवून रजिस्ट्रीचा कंटेनर पूर्ण थांबवायचा. त्याच डिस्कवर तात्पुरता दुसरा कंटेनर घेऊन आधी ड्राय रन, म्हणजे काही न पुसता केलेली रंगीत तालीम, चालवायचा, त्यात जाऊ घातलेल्या डायजेस्टची यादी वाचायची, मग खरी सफाई करायची आणि रजिस्ट्री नव्याने सुरू करायची. सफाई चालू असताना कोणी पुश करत असेल तर नुकताच आलेला आणि अजून कोणत्याही यादीत न बसलेला थर कचरा समजून जाऊ शकतो, म्हणूनही थांबवणे आवश्यक आहे. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ देतात, हे आप्पांनी यावरही ऐकवलेच.

ड्राय रनने आम्हाला एकदा वाचवले. रोज त्याच नावाने पुश होणाऱ्या चाचणीच्या टॅगमुळे टॅग नसलेल्या याद्या साचतात, त्या काढण्यासाठी डिलीट अनटॅग्ड हा पर्याय आहे. तो लावून पाहिला तेव्हा जाणाऱ्यांच्या यादीत वजनकाट्यांच्या इमेजचे डायजेस्ट दिसले. वजनकाट्यांवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो आणि शीतगृहात इंटेलचे यंत्र, म्हणून त्या इमेज दोन्ही प्रकारांसाठी एकत्र बिल्ड होतात. टॅग बाहेरच्या एकत्रित सूचीला असतो, आतल्या दोन याद्यांना स्वतंत्र टॅग नसतो, आणि आमच्याकडील २ मालिकेतील रजिस्ट्री त्यांना बेवारस समजत होती. बिल्डएक्स या डॉकरच्या बिल्ड साधनाच्या ०.१० आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, एकाच प्रकारच्या इमेजलाही बिल्डचा तपशील जोडण्यासाठी अशी बाहेरची सूची तयार होऊ लागली आहे, त्यामुळे हा धोका फक्त रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांचा राहिलेला नाही. तो पर्याय आम्ही वापरत नाही. चाचणीच्या टॅगमध्ये आता दिनांक आणि कमिटचा, म्हणजे सोर्समधील त्या बदलाचा, आकडा असतो, तो पुन्हा वापरला जात नाही, आणि पुसायचे ते नाव वाचून पुसले जाते. टोपलीचे चित्र वेब पानावरून काढून टाकले आहे. एका सेटिंगचे काम होते.

पूर आणि प्रत

कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात; तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील सामान तेव्हा डोक्यावरून वर न्यावे लागले होते. रजिस्ट्रीचे यंत्र आधी तळमजल्यावर, इन्व्हर्टरशेजारी ठेवले होते. वायरिंगच्या दृष्टीने ती जागा सोयीची होती, आणि सांगलीत सर्व्हर ठेवताना सोयीच्या जागेवर पहिला संशय घ्यावा लागतो. यंत्र दुसऱ्या मजल्यावर हलवले आणि एक प्रत रोज रात्री मिरजेतील एका सहकाऱ्याच्या घरी असलेल्या डिस्कवर जाऊ लागली. नावच मजकुरावरून ठरत असल्याने एकदा लिहिलेला थर बदलत नाही. आरसिंक हे प्रत काढणारे साधन फक्त नवे थर नेते आणि रोजची प्रत काही मिनिटांत होते. कंपोज फाईल, एनजिनएक्सची मांडणी आणि पासवर्डची फाईल यांची प्रत वेगळी ठेवली आहे. परत उभारणीचा सराव एकदा केला. त्यात पासवर्डची फाईल विसरल्याचे लक्षात आले होते, म्हणून हे वाक्य येथे आहे.

आप्पांचे पान

वेब पान सुरू झाल्यावर आप्पांनी ते दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारले की, यात कवठ्याच्या शीतगृहात काय बसले आहे ते कोठे दिसते. ते दिसतच नव्हते. पेवात काय आहे ते पानावर होते, कोणी काय उचलून नेले ते नव्हते, आणि त्यांची मूळ मागणी नेमकी दुसऱ्या गोष्टीची होती.

रजिस्ट्री प्रत्येक पुश, पुल आणि पुसण्याची सूचना आपण दिलेल्या पत्त्यावर जेसन स्वरूपात पाठवू शकते. त्यात इमेजचे नाव, डायजेस्ट आणि लॉगिनचे नाव असते. प्रत्येक ग्राहकाला वेगळे लॉगिन दिल्यामुळे कोणी काय नेले ते समजू लागले. काही वेळा सूचनेत टॅग येत नाही, कारण डॉकर आधी टॅगवरून डायजेस्ट विचारून घेतो आणि मग डायजेस्टनेच मागतो. म्हणून डायजेस्टवरून आवृत्ती शोधणारी छोटी भर घालावी लागली. हे काम एका सहकाऱ्याने दोन दिवसांत केले, म्हणजे प्रमाणपत्राला लागलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात.

तरीही नेलेला माल वापरला, असे होत नाही. इमेज पुल होते, पण जुना कंटेनर चालूच राहतो, असे दोन ग्राहकांकडे आढळले. त्यामुळे आप्पांच्या पानावर आता दोन रकाने आहेत, ‘नेली’ आणि ‘चालू’. दुसरा रकाना ग्राहकाच्या यंत्रावरील एक लहान स्क्रिप्ट रोज सकाळी चालू कंटेनरचा डायजेस्ट पाठवून भरते. दोन्ही रकाने जुळले तर ओळ पांढरी, न जुळल्यास हळदीच्या रंगाची होते. सकाळी साडेनऊला आप्पा ते पान उघडतात. मार्केट यार्डाजवळच्या एका वजनकाट्याची ओळ बहुतेक दिवशी पिवळीच असते, कारण तेथील मुनीम घरी जाताना रास्पबेरी पायचा स्विच बंद करतात आणि सौदा सुरू झाल्याशिवाय चालू करत नाहीत. त्या एका ठिकाणी आप्पा अजून फोनच करतात.